पेटंट ट्रोलचं पत्र आलं तर

स्कॅनरवर कागद ठेवा, बटण दाबा, पीडीएफ ईमेलने जाते. ‘यावर आमचं पेटंट आहे’ म्हणत एवढ्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्यामागे हजार डॉलरच्या आसपास मागणारी पत्रं २०१२-१३ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांहून अधिक छोट्या व्यावसायिकांना गेली. पाठवणारी कंपनी एमपीएचजे टेक्नॉलॉजी, पुढे केलेल्या उपकंपन्या ८१. नुसत्या पेटंटच्या धाकावर पैसे उकळणाऱ्या अशा कंपनीला पेटंट ट्रोल म्हणतात. दोन आठवड्यांत दावा ठोकू, अशी धमकीही होती. प्रत्यक्षात दाव्याची तयारीच नव्हती, असा फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारच्या ग्राहकसंरक्षण संस्थेचा आरोप. २०१४ मध्ये तडजोड झाली. दंड? पुन्हा फसवी पत्रं पाठवलीत तर पत्रामागे १६ हजार डॉलर. आधीच्या पत्रांसाठी काहीच नाही.

पत्रं स्कॅनर बनवणाऱ्यांना का गेली नाहीत? त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. ट्रोलचा सगळा धंदा एका वजाबाकीवर चालतो: अमेरिकेत पेटंटचा खटला शेवटपर्यंत लढायला लाखो डॉलर लागतात आणि जिंकलात तरी वकिलाची फी सहसा आपापलीच. मागणी त्याहून बरीच कमी ठेवली की समोरचा मुकाट्याने पैसे देतो. पेटंट खरं की पोकळ, हा प्रश्नच येत नाही. तुमच्या पेटंटवरून उलटा दावाही लावता येत नाही, कारण ट्रोल स्वतः काही बनवतच नाही.

पुण्यात बसून अमेरिकेत ॲप विकणाऱ्यांनाही हे लागू आहे. पत्र आलं तर घाईने उत्तर देऊ नका आणि केराच्या टोपलीतही टाकू नका. ‘आपण बहुतेक हेच वापरतो’ असं ऑफिसच्या ईमेलमध्ये तर मुळीच लिहू नका. जाणूनबुजून उल्लंघन सिद्ध झालं तर भरपाई तिप्पट होऊ शकते. (याच भीतीने कित्येक कंपन्या इंजिनिअरना पेटंट वाचूच नका म्हणतात. ज्ञान उघड व्हावं म्हणून असलेली व्यवस्था, आणि वाचायची बंदी!)

मग पेटंट क्रमांक गूगल पेटंट्सवर टाका. मुदत साधारणपणे मूळ अर्जापासून २० वर्षं. मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावं लागतं. ते चुकलं असेल तर पेटंट बहुधा मेलेलं. पण मुदत संपली म्हणून हुश्श करू नका, दाव्याआधीच्या सहा वर्षांत, पेटंट जिवंत असताना झालेल्या वापराची भरपाई तरीही मागता येते. शीर्षक आणि सारांश सोडा, शेवटी दिलेले क्लेम्स वाचा, म्हणजे हक्क नेमका कशावर आहे ते सांगणारी वाक्यं. स्वतंत्र (दुसऱ्या क्लेमवर न टेकलेल्या) क्लेममधला एकेक घटक तुमच्या उत्पादनाशी ताडून तक्ता करा. एकही घटक नसला तर त्या क्लेमचं शब्दशः उल्लंघन नाही. उपकरण किंवा लायब्ररी (तयार कोड) विकत घेतली असेल तर पुरवठादाराच्या करारात नुकसानभरपाईचं कलम शोधा.

पेटंटच पाडायचं असेल तर पेटंट कार्यालयापुढचा ‘इंटर पार्टेस रिव्ह्यू’, म्हणजे पेटंटची फेरतपासणी, कोर्टापेक्षा स्वस्त, आणि तिथे पुराव्याची कसोटीही सौम्य. मात्र दाव्याची नोटीस बजावल्यापासून एका वर्षात अर्ज हवा, आणि त्यात फक्त जुनी पेटंट्स व छापील किंवा प्रकाशित साहित्य चालतं. पर्सनल ऑडिओ कंपनी पॉडकास्टवर हक्क सांगत होती, तारीख लावत होती ऑक्टोबर १९९६ ची. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने त्याआधीच सीएनएन आणि कॅनडाची सीबीसी इंटरनेटवर कार्यक्रमांचे भाग टाकत होते याची कागदपत्रं काढली. २०१३ ला अर्ज, २०१५ ला क्लेम्स रद्द, आणि अपिलं संपायला २०१८ उजाडलं. इतका दम छोट्या कंपनीकडे नसतो, म्हणून सगळ्यांनी मिळून वर्गणी काढून लढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३(के) खाली निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही आणि पेटंट वापरात आहे का, ते पेटंटधारकाला पेटंट कार्यालयाला फॉर्म २७ मध्ये सांगावं लागतं. इथल्या पेटंटच्या जोरावर कोणी पोकळ धमकी दिली, तर कलम १०६ खाली तुम्हीच त्याच्यावर दावा लावू शकता. नुसतं पेटंट असल्याचं कळवणं मात्र धमकीत धरत नाहीत, म्हणून पत्रातला शब्द न् शब्द वकिलाकडून तपासून घ्या.