उदासी बेसमध्ये असते

‘मोल्चात दोमा’ हा बँड आपला तो उदास आवाज आणतो कुठून, आणि तो नागपुरात घरच्या खोलीत काढता येईल का? गिटार हाती घेतलेली पोरं हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

बँड बेलारूसमधल्या मिन्स्कचा, 2017 सालचा. नावाचा अर्थ ‘घरं गप्प आहेत’. त्यांच्या आवाजात दोन शहरं ऐकू येतात. एक लेनिनग्राड (आताचं सेंट पीटर्सबर्ग): तिथल्या ‘किनो’ बँडचा विक्टर त्सोय खालच्या पट्टीत, सुराला न सजवता सरळ गायचा. 1990 मध्ये तो अपघातात गेला, पण गाण्याची ती रीत राहिली. दुसरं मँचेस्टर, म्हणजे ‘जॉय डिव्हिजन’ हा बँड. त्यांच्यात बेस गिटार वाजवणाऱ्या पीटर हुकचा अँप्लिफायर कमजोर होता आणि शेजारची गिटार दणदणीत. खालचे सूर स्वतःलाच ऐकू येईनात, म्हणून तो बेसच्या वरच्या फ्रेटवर वाजवू लागला. धून बेसकडे आली आणि गिटार मागे सरकली. या शैलीचा कणा तोच, आणि नक्कल करणारे नेमका तोच विसरतात. सगळ्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत घुमल्यासारखा परिणाम, ओततात आणि चिखल करून ठेवतात.

म्हणून सुरुवात बेसपासून करा. बोटांनी नको, पिकने वाजवा, सगळे फटके वरून खाली. टेम्पो 150, म्हणजे मिनिटाला 150 ठोके, ठेवा आणि प्रत्येक ठोक्याला दोन फटके. धून पातळ दोन तारांवर, पाचव्या ते बाराव्या फ्रेटमध्ये ठेवा. मग कोरस लावा: रेट अगदी कमी, डेप्थ मध्यम, मिक्स निम्म्याच्या आत. कोरस म्हणजे मूळ सुराची किंचित उशिरा येणारी, डगमगणारी नक्कल. जाड तारेवर ती नक्कल मूळ सुराला कापते, बेस पोकळ आणि बेसूर वाटतो. पातळ तारांवर तोच कोरस छान फुलतो.

ड्रमला मोबाइलवरचं मशीन पुरतं. दर चार ठोक्यांत एक-तीनवर किक (मोठा ड्रम), दोन-चारवर स्नेअर (छोटा ड्रम), हायहॅट (झांजा) सलग, आणि प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा. ‘जिवंत’ वाटावं म्हणून ठोके मागेपुढे करू नका. यंत्र ढिम्म हलत नाही, म्हणूनच गाणाऱ्याचा थकवा जाणवतो.

गिटारमधलं 200 हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, ती जागा बेसची आहे. कॉर्ड टाळा, दोन तारांवरची छोटी ओळ पुरे. 150 च्या टेम्पोला डिले 300 मिलिसेकंद ठेवलात तर पडसाद ठोक्यांच्या मधल्या फटीत बसतो. गाताना ओरडू नका. आवाजाच्या रिव्हर्बचा प्री-डिले (मूळ आवाजानंतर घुमणं सुरू व्हायला लागणारा वेळ) शून्याजवळ आणा, म्हणजे गाणारा भिंतीपलीकडून गातोय असं वाटेल. प्री-डिले वाढवला की तो पुन्हा पुढे येऊन उभा राहतो. रिव्हर्बमधलेही खालचे सूर कापायचे, नाहीतर किक बुडते.

आता आपल्याकडची अडचण. उन्हाळ्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करा म्हणणं सोपं आहे, पण 45 अंशांत ते कोणाला जमणार? कूलरची मोटर सिंगल-कॉइल पिकअपमध्ये (गिटारच्या तारांचं कंपन पकडणाऱ्या एकाच गुंडाळीच्या भागात) गुणगुण सोडते. गिटारच्या तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर दोष अर्थिंगचा किंवा शील्डिंगचा. आधी प्लगची अर्थिंग तपासून घ्या. हात लावूनही तशीच राहिली तर मोटरपासून सहा-सात फूट लांब बसा आणि गुणगुण सर्वात कमी होईल त्या दिशेला गिटार वळवा. टेकच्या तीन-चार मिनिटांपुरता कूलर बंद केलात तर उत्तमच, कारण पंख्याची घरघर माइकमध्येही जाते.

दुसरा त्रास ट्यूनिंगचा. उन्हातून आणलेलं वाद्य कूलरच्या ओलसर गारव्यात आलं की तारा आखडतात आणि सूर चढतो. वीस मिनिटं खोलीत तसंच ठेवा, मग ट्यून करा, तेही कोरस बंद करून. कोरस चालू असला की चढलेली तार कानाला कळत नाही. ती कळते दुसऱ्या दिवशी, रेकॉर्डिंग ऐकताना.