लेशेटिझ्कींची शिकवणी

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचा सहवास लाभलेल्या आमच्या नाशिकात गुरुपरंपरेचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. म्हणूनच पियानोवादक थिओडोर लेशेटिझ्की (१८३०–१९१५) मला परके वाटत नाहीत. बेथोव्हेनचे शिष्य चेर्नी आणि चेर्नींचे शिष्य हे. मैफली गाजवून त्यांनी पीटर्सबर्गला शिकवले, आणि १८७८ पासून ते व्हिएन्नात स्थिरावले. आपली ठरीव पद्धत नाही, असे ते आग्रहाने सांगत. एखादा छोटा भाग पियानोपासून दूर बसून मनात पक्का करावा आणि मगच वाजवावा, ही त्यांची शिकवण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण सकाळी सराव करताना माझीही बोटे मनाच्या पुढे धावतात. श्नाबेल आणि पुढे पोलंडचे पंतप्रधान झालेले पाडेरेव्स्की हे दोघेही त्यांचेच शिष्य. वादन मात्र दोघांचे किती निराळे!