मुंढा मोकळा करा, मास्तर

मुंढा म्हणजे कोटाला बाही जोडतात ती काखेभोवतीची गोल कड. 'मुंढा मोकळा करून द्या' म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाचा मुंढा बहुतेक वेळा आधीच गरजेपेक्षा मोकळा असतो. हे तोंडाने सांगून पटत नाही. परवा आलेल्या व्हायोलिनवादक गृहस्थांनाही पटलं नाही. त्यांचा काळा कोट दुसरीकडे शिवलेला होता. वाजवायला हात उचलला की खांदे कानांपर्यंत यायचे, कॉलर मानेपासून सुटायची आणि पुढची बटणं छातीवर चढायची. त्यावर आधीच्या कारागिराने उपाय काय केला, तर मुंढा खालून आणखी खोल कापला. गिऱ्हाईक म्हणेल ते कापून द्यायचं, की झालं काम! असली मास्तरकी हल्ली फार बोकाळली आहे.

मुंढा खोल गेला की बाहीचा खालचा जोड काखेपासून दूर, बरगडीवर येऊन बसतो. मग हात उचलला की बाही थेट कोटाच्या अंगालाच वर ओढते. जोड काखेलगत असेल तर हात फिरतो आणि कोट जागच्या जागी राहतो. म्हणून चांगला मुंढा लहान आणि उंच असतो. पण एकदा कापलेलं कापड परत कुठून आणणार?

वाट एकच होती, अख्खा कोट खांद्यावरून वर घ्यायचा. कॉलर काढली, बाह्या काढल्या, खांद्याची शिलाई उसवली. आत कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं आतलं कापड निघालं, घोड्याच्या केसांचं, लॅपलवर, म्हणजे छातीवर उलटवलेल्या पट्टीवर, हाताने घातलेल्या बारीक टाक्यांचं. त्याऐवजी इस्त्रीने चिकटवलेलं अस्तर, म्हणजे फ्युजिंग, असतं तर मी कोट तसाच परत दिला असता. पुढच्या-मागच्या भागांचे खांदे वरून दीड सेंटिमीटर कापून उतरवले, तेवढाच गळा खाली कोरला. नाहीतर कॉलर गळ्यात रुतली असती. खिसे आणि बटण तेवढेच वर सरकले, त्याला इलाज नाही. मुंढ्याची कड ताणू नये म्हणून तिला पट्टी टाचली.

खरी कसोटी बाहीची. बाहीच्या माथ्याचा, म्हणजे खांद्याला जोडायच्या वरच्या गोल भागाचा, घेर मुंढ्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त ठेवतात. हे जास्तीचं कापड कच्च्या टाक्यांनी गोळा करून वाफेच्या इस्त्रीने आटवायचं. एकही चुणी दिसता कामा नये आणि खांद्याला गोलाई मात्र आली पाहिजे. मुंढा लहान झाल्यामुळे माथाही उतरवावा लागला, म्हणजे बाही आखूड. मनगटाची काजं नुसती दिखाऊ होती म्हणून निभावलं. ती खरी, उघडणारी असती तर दुमडलेलं कापड सोडून लांबी काढताच आली नसती. दोन्ही बाह्या थोड्या पुढे फिरवून बसवल्या, कारण या माणसाचे हात कामात असताना कायम पुढे असतात.

ट्रायलला मी त्यांना वाद्य घेऊनच बोलावलं होतं. त्यांनी वाजवलं. कॉलर मानेला चिकटून राहिली, बटण हललं नाही. बघून जीव सुखावला. मग त्यांनी व्हायोलिन खाली ठेवलं, आरशासमोर हात सोडून उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, काखेत जरा लागतंय. इथे थोडं कापता येईल का?"

लागत होतं हे खरंच. उंच मुंढा जाणवतोच, सैल कोटांची सवय असलेल्याला तर जास्तच. मी म्हटलं, "तुम्ही आधी एक कार्यक्रम यात करा, मग बोलू."

त्यांनी कार्यक्रम केला. वाजवताना कोट अंगावर आहे हेसुद्धा विसरलो, असं स्वतःच फोनवर सांगितलं. पण नंतर लोकांशी बोलत तासभर उभं राहावं लागलं, तेव्हा काख बोचत होती. तर तेवढं थोडं... आता त्यांच्या आयुष्यात वाजवण्याचे तास जास्त की उभं राहण्याचे, हे मी कसं ठरवणार? कोट त्यांचा, काख त्यांची. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हटलं तर ते दुसरीकडे जातील. पाच मिनिटांचं काम आहे, कुणीही कापून देईल.