पाकिटातली बोली आणि कुवेतचा लेथ

आमचं उसाच्या गाळपाचं घर. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघतच मोठा झालो. तिथं कोण किती बोलला ते सगळ्यांदेखत. म्हणून बंद पाकिटात आकडा टाकणं मला कधी मानवलंच नाही. तरी उद्यमनगरातल्या वर्कशॉपसाठी तेच करून बसलो.

भाचा कुवेतला असतो. कॅम्प आरिफजानमध्ये अमेरिकन लष्कर जुनं सामान विकायला काढतं, हे त्याच्याकडूनच कळलं. जहाजानं माघारी नेण्यापेक्षा तिथंच विकलेलं त्यांना परवडतं. माझा डोळा आधी डिझेल जनरेटरवर. बोली भरण्याआधी क्लिअरिंग एजंटला विचारलं म्हणून वाचलो. "वापरलेला जनरेटर परवान्याशिवाय येत नाही. लेथ आणा, पण चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागेल." लेथ म्हणजे लोखंड गोल फिरवून कापायचं यंत्र.

मग एक लेथ, एक ड्रिल आणि दोन कॉम्प्रेसर असा लॉट धरला. 'आहे तसं, आहे तिथं' या बोलीवर. नंतर तक्रार चालत नाही. पाहणीच्या दिवशी भाच्याला पाठवलं.

"मामा, वरून गंज आहे."

"गंज राहू दे. काम पकडतो त्या चकाजवळ, खालच्या बेडवर नख फिरव, झिजून पायरी पडलीय का बघ."

"थोडी लागतेय."

थोडी म्हणजे चालण्यासारखी झीज. यादीत प्रत्येक वस्तूपुढं एक इंग्रजी अक्षर होतं. 'ए' म्हणजे आहे तशी विकता येते, 'डी' म्हणजे पार मोडूनच टाकायची. आमचा लॉट 'ए' नव्हता, पण मोडायचाही नव्हता.

आकडा ठरवायला तीन रात्री गेल्या. तो माल लष्करासाठी करमुक्त आलेला, त्यामुळं कुवेतची ड्युटी घेणाऱ्याच्या माथी. वर क्रेन, कंटेनर, न्हावा शेवा, इथली ड्युटी. हे सगळं धरून बोलीत ४,३०० डॉलर बसत होते. गोल आकडा कुणीही लिहितं, म्हणून ४,३१७ लिहिलं आणि स्वतःवरच खूश झालो.

पाकिटं फुटली. लॉट आमचा. दुसऱ्या नंबरची बोली ३,१५०. म्हणजे ११६७ डॉलर कुणी न मागता वाढवून दिले! यार्डात असतो तर ३,२०० ला थांबलो असतो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

खरा घाम त्यानंतर. माल शेवटी कुठं जाणार, कोण वापरणार, पुढं विकणार का, याचं लेखी प्रमाणपत्र विकणाऱ्यांनी मागितलं, कारण लॉट 'ए' नव्हता. मी 'जॉब वर्क' लिहिलं. उलट प्रश्न आला: कसलं? मग पंपाचे शाफ्ट, बुश, सगळं लिहून दिलं, गाळ्याचा पत्ता दिला. पाच आठवडे गेले. इकडं पैसे अडकलेले, आणि मंजुरी आली की ठरल्या मुदतीत माल उचलायचा, नाहीतर जागेचं भाडं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी क्रेनवाल्याचा कॅम्पात शिरायचा पास झाला.

लेथ गाळ्यात उतरला तेव्हा मिस्त्रींनी आधी लीड स्क्रू बघितला, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढं सरकवणारा लांब स्क्रू.

"मालक, हा इंचाचा."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमची निम्मी कामं मिलिमीटरच्या आट्यांची. त्याला १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. तो मात्र दोन गल्ल्या सोडून, चहा पिता पिता भाव ठरवून कापून घेतला.