डाळ मिलच्या ऑफिसात ईपीएबीएक्स बसवताना

जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या डाळ मिलला ४ बाहेरच्या लाइन आणि १६ एक्स्टेंशनचं (आतल्या फोनचं) ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्सचेंज, बसवलं. मोबाइल असताना हे कशाला, असं बरेच विचारतात. वजनकाट्यावर, गोडाऊनला, गेटवर पाळीप्रमाणे माणूस बदलतो, फोन मात्र जागेवरच असतो. शिवाय व्यापाऱ्यांना वर्षानुवर्षं एकच नंबर पाठ. यंत्र भिंतीवर टांगणं तासाभराचं काम आहे. खरा कस लागतो वायरिंग आणि सेटिंगमध्ये.

यंत्रातून थेट फोनकडे वायर नेऊ नका. मध्ये एमडीएफ बॉक्स (यंत्राच्या आणि फोनच्या वायरी जिथे जोडतात तो) हवाच, त्यात १० जोड्यांची क्रोन मॉड्यूलं, म्हणजे वायर दाबून बसवायच्या पट्ट्या. वायर पंचिंग टूलनेच दाबायची. स्क्रूड्रायव्हरने दाबली की पाती फाकतात आणि चार महिन्यांनी फोनमध्ये खरखर सुरू होते. केबल ०.५ मिमीची. रंगांचा क्रम पाळा: पांढरा-निळा पहिली जोडी, मग पांढऱ्याबरोबर केशरी, हिरवा, तपकिरी, करडा, सहाव्या जोडीपासून पांढऱ्याच्या जागी लाल. घाईत एक तार या जोडीची आणि एक त्या जोडीची लागली, तरी फोन चालतो, पण अकाउंटवाल्यांचं बोलणं गेटवर ऐकू येतं. मल्टिमीटरवर हा दोष दिसत नाही, बॉक्स उघडून रंगच बघावे लागतात. आणि डाळ मिल म्हटली की उंदीर आलेच. गोडाऊनकडची केबल लोखंडी पाइपातून न्या, मोटारींच्या केबलपासून लांब ठेवा, नाहीतर फोनवर सतत घूं आवाज येतो.

वळवाच्या पावसात पोर्ट जळतात ते विजेमुळे. उघड्यावरून येणाऱ्या प्रत्येक जोडीला एमडीएफमध्येच जीडीटी (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारी छोटी नळी) लावला. पण अर्थिंग खराब असेल तर जीडीटी असून नसल्यासारखा. आपली काळी माती मेमध्ये भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. म्हणून उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहायचं. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, यंत्र नंतर चालू करा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते फायबरच्या लाइनींनी. तांब्याच्या जोडीला वीज एक्सचेंजमधून यायची. आता नंबर ओएनटीच्या, म्हणजे फायबरच्या टोकाला बसवलेल्या डब्याच्या, फोन पोर्टवर येतो, म्हणजे ओएनटी बंद तर नंबरही बंद. नुसतं ईपीएबीएक्स इन्व्हर्टरवर घेऊन भागत नाही, ओएनटीही घ्यावा लागतो. दुसरी भानगड अशी: दुपारपर्यंत चारही लाइनचे दिवे लाल आणि बोलत कोणीच नाही. बाहेरून आलेला कॉल यंत्रातला रेकॉर्ड केलेला आवाज उचलतो, समोरचा मध्येच फोन ठेवतो आणि यंत्राला ते कळतच नाही. कॉल संपला हे यंत्र बिझी टोनवरून ओळखतं. भारतातला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, ०.७५ सेकंद वाजतो, ०.७५ सेकंद थांबतो. आमच्या ओएनटीत देश अमेरिका होता, त्यामुळे टोन ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा. लाइन लावून गेलेला माणूस ‘यंत्रच खराब आहे’ म्हणत राहिला. ओएनटीत देश भारत केला, यंत्रातही तोच टोन भरला आणि लाइन अडकणं थांबलं. ओएनटी पोलॅरिटी रिव्हर्सल (कॉल जोडला-संपला की लाइनचं प्लस-मायनस उलटणं) देत असेल तर तेही चालू करून घ्या, टोन ओळखण्यापेक्षा ते भरवशाचं.

बाकी सेटिंग सोपं. एक्स्टेंशन २०१ पासून, बाहेरच्या लाइनला ०. मात्र ११२ हा नंबर ० न लावता प्रत्येक फोनवरून लागला पाहिजे, वॉचमनच्याही. गेट आणि काट्यावरून बाहेरचे बाकीचे कॉल बंद ठेवले. ट्रान्सफर करताना कॉल तुटत असेल तर फ्लॅशची (ट्रान्सफरचं बटण दाबल्यावर लाइन क्षणभर तुटते त्याची) वेळ बघा: फोनचा फ्लॅश ६०० मिलिसेकंदांचा आणि यंत्रातली मर्यादा त्याहून कमी असेल, तर यंत्राला वाटतं फोन ठेवला.

प्रोग्रामिंगचा पासवर्ड आणि सेटिंगचा बॅकअप हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. ‘भाऊ, ते आमच्याकडं राहू द्या, काही लागलं तर फोन करा’ असं गोड बोलतात. मग एक एक्स्टेंशन बदलायलाही व्हिजिट चार्ज. कोणती जोडी कोणत्या टेबलाला जाते, तो तक्ता एमडीएफच्या झाकणाला आतून चिकटवून घ्या, आणि पेन्सिलने लिहा, कारण टेबलं हलतातच.