गाढव अडते तेव्हा

गाढव पाळणारी किंवा पाळू इच्छिणारी माणसे मला हमखास विचारतात, की हा प्राणी जात्याच हट्टी असतो का, आणि त्याला काही शिकवता येते का. तुम्हीही तेच विचारलेत म्हणून सांगतो: शिकवता येते, आणि हट्टामागे बहुधा भीती, दुखणे किंवा आपणच नकळत लावलेली सवय निघते.

आफ्रिकेतील ज्या रानगाढवांपासून आपले गाढव आले, ती रखरखीत, खडकाळ मुलखात विरळ चाऱ्यावर पांगून जगत. संकटात घोडा कळपाबरोबर उधळतो. गाढव मात्र सहसा आधी जागीच थांबून अंदाज घेते. वाटेत डबके आले की ते पाय रोवते, कान पुढे करते, मान खाली घालून हुंगते. अशा वेळी दोर ओढला की ते मागे रेलते, आणि आपण कंटाळून दोर सैल सोडला, की रेलल्याने सुटका होते हे ते पक्के शिकते. तोच दोर त्याने अर्धे पाऊल पुढे टाकताच सैल केला, तर ते पुढे जायला शिकते. शिकवणाऱ्याचे बहुतेक कसब या क्षणाच्या अचूकपणातच आहे. मारल्याने मात्र भीती शिकवली जाते, आणि ती ते सहजी विसरत नाही.

दुखणे ओळखणे अधिक कठीण, कारण गाढव ते फारसे दाखवत नाही. आजारी गाढव चाऱ्यात तोंड घालून खाल्ल्याचा नुसता देखावाही करते. त्यामुळे एरवी शहाणे जनावर एकाएकी पाय उचलू देईना, तर आधी खूर, दात आणि पाठ तपासावी.

सोबतीचा विचार तर फारच थोडे जण करतात. गाढवांची जोडी घट्ट जमते, आणि जोडीदार तुटला की मागे राहिलेले खाणे सोडू शकते. मग शरीरातील चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होते, आणि विशेषतः लठ्ठ किंवा गाभण गाढव यात दगावूही शकते. म्हणून एकाला उपचारासाठी नेताना दुसऱ्यालाही बरोबर न्यावे.

माणसांतच वाढलेले एकटे शिंगरू ही वेगळी डोकेदुखी. त्याचे ढुशा देणे सर्वांना गोड वाटते. पुढे तेच वयात येऊन माणसाला चावते, अंगावर चढते. नराचे खच्चीकरण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करून घ्यावे, कारण त्या सवयी एकदा मुरल्या की नुसत्या शस्त्रक्रियेने जात नाहीत.