पुढच्या केबिनमधली सीट आणि क्रूचं गणित

फर्स्ट क्लासचं तिकीट हातात आहे आणि सीट मॅपवर निम्म्या खुर्च्या राखाडी दिसतायत, म्हणून केबिन भरलं असं समजू नका. काही खुर्च्या विमानतळावरच्या स्टाफच्या हाती राखून ठेवतात, ऐन वेळी द्यायला: ऐन वेळचे व्हीआयपी, व्हीलचेअरवाले, पाळणा लागणारं बाळ. काही नादुरुस्त असतात. लांबच्या फ्लाइटला क्रूच्या विश्रांतीसाठी वेगळी जागा नसेल, तर प्रवाशांच्याच एक-दोन खुर्च्या त्यांच्यासाठी जातात. यातल्या बऱ्याचशा काउंटरवर सुटतात, त्यामुळे आज न दिसलेली सीट उद्या मिळू शकते.

खेड, चिपळूण, रत्नागिरीकडून आखातात जाणाऱ्यांचा घोळ बहुतेकदा याआधीच झालेला असतो. एजंट जी प्रिंट देतो, तिच्यावरचा सहा अक्षरांचा पीएनआर त्याच्या बुकिंग सिस्टिमचा असू शकतो. एअरलाइनच्या साइटवर तो टाकला की ‘बुकिंग सापडत नाही’. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, तर सीट विमान उडवणारी कंपनी देते. म्हणून एजंटकडून तिचाच पीएनआर मागून घ्या आणि सीट तिच्याच साइटवर निवडा.

कुठली सीट घ्यायची? एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये फर्स्टचे १४ सूट, म्हणजे दार असलेल्या छोट्या खोल्या असतात, मांडणी १-२-१. एकट्याने जाताना खिडकीची ए किंवा के. मुलाने दुबईहून आई-बाबांची तिकिटं काढली असतील, तर त्यांना मधली ई-एफ जोडी द्यावी. दोघांना दोन खिडक्या दिल्या, तर तीन तास एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. अगदी पहिली रांग मी टाळेन. या विमानात शॉवर आणि जिना पुढेच आहेत, तिथे ये-जा चालू राहते आणि उजेडही येतो.

तान्हं बाळ असेल तर मर्यादा ऑक्सिजन मास्कची. ए-३२० मध्ये तीन खुर्च्यांच्या गटावर मास्क चार, म्हणजे मांडीवरचं बाळ एकच. दुसरं बाळवालं कुटुंब त्याच गटात बसूच शकत नाही, मग सिस्टिम सीट नाकारते आणि कारण मात्र सांगत नाही. ज्या सीटच्या पट्ट्यात एअरबॅग असते, तिथेही बाळ मांडीवर घेता येत नाही, आणि असे पट्टे पुढच्या केबिनमध्येच जास्त. भिंतीसमोरच्या सीटला पायाशी पिशवी चालत नाही, उडताना आणि उतरताना ती वर टाकावी लागते. औषधं आधीच खिशात काढून ठेवा.

आता क्रू. कमीत कमी किती कर्मचारी हवेत हे विमानात बसवलेल्या खुर्च्यांवरून ठरतं, त्या दिवशी प्रवासी किती आले यावरून नाही. ढोबळ हिशेब दर ५० खुर्च्यांमागे एक. ७० खुर्च्यांच्या एटीआरला, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाला, दोघं. एअर इंडियाच्या ए-३२० निओत ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी, एकूण १६४, म्हणजे किमान चार. ही संख्या आणीबाणीत दारं उघडून माणसं बाहेर काढण्यासाठी आहे. त्यातले किती जण पुढे वाढायला द्यायचे, हे कंपनी ठरवते. पुढच्या केबिनचं भाडं कितीही असो, नियम तिथे वेगळा माणूस द्या म्हणत नाही. ड्यूटीवर आयत्या वेळी कोणी आजारी पडलं आणि राखीव माणूस मिळाला, तरी तो पुढच्या सर्व्हिसचं ट्रेनिंग घेतलेला असेलच असं नाही. ‘एवढे पैसे भरून कोणी विचारत नाही’ या तक्रारीचं मूळ बरेचदा इथे असतं.

मुंबई-दुबई जेमतेम तीन तासांची. पट्ट्याचा दिवा विझल्यापासून उतरायची आवराआवर सुरू होईपर्यंत क्रूच्या हातात दोनेक तास. जेव्हा हवं तेव्हा जेवण मिळतं हे खरं, पण ओव्हन मोजके आणि प्रत्येक पदार्थाची ताटंही मोजकी. विमानात चढल्यावर लगेच काय हवं ते सांगून टाका. शाकाहारी असाल तर किमान २४ तास आधी एव्हीएमएल नोंदवा, जैन जेवणासाठी व्हीजेएमएल. ‘हिंदू मील’ म्हणजे एचएनएमएल निवडू नका, त्यात कोंबडी किंवा मासळी येऊ शकते.

विमान बदललं तर सीटही बदलते. वेळ बदलल्याचा मेसेज आला की विमानाचा प्रकार पुन्हा पाहा. नव्या विमानात फर्स्टच्या खुर्च्या कमी असतील, तर कोणाला तरी खालच्या वर्गात बसवतात. भारतीय कंपनीचं तिकीट असेल तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाचा, नियम लागू आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के परत. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किमीपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५. मुंबई-दुबई मधल्या गटात बसतं. वर्ग उतरवल्याचं काउंटरवरच लेखी घ्या आणि जुन्या वर्गाचा बोर्डिंग पास टाकू नका.

वेब चेक-इन घरून निघण्याआधी उरकावं. रेल्वेत बसून करू म्हणाल तर कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटर, आणि ओटीपी नेमका तेव्हाच येणार.

चिपीला, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळावर, येणाऱ्या एटीआरमध्ये मात्र पुढची सीट घ्यायची हौस बाजूला ठेवा. दार मागे आहे, पुढे सामानाचा कप्पा. पहिल्या रांगेतला माणूस सगळ्यात शेवटी उतरतो.